निर्दोष सुटले, मग तपास कुणाचा चुकला?

गोदाकाठ

मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 ला बाराही जणांना निर्दोष सोडलं, तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. त्या दिवशी आसपास दोनच बाजू ऐकू येत होत्या. एक म्हणे अतिरेकी सुटले, दुसरी म्हणे निरपराधांची एकोणीस वर्षं गेली. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले, 180 हून अधिक माणसं गेली. त्यांच्या घरच्यांनी आता काय समजायचं, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या बोलण्यात नव्हता. तपास करणाऱ्यांना कुणी काही विचारणार का, हेही नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. प्रकरण तिथे आहे, म्हणून त्याच्या गुणदोषांवर इथे वाद नको अशी विनंती. मी बोलतोय ते दुसऱ्या एका खटल्याबद्दल. तो संपलेला आहे, आणि त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी मराठीत झाली नाही असं मला वाटतं.

जून 2003. नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेतल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. घरातल्या पाच जणांना मारलं, बाईवर आणि मुलीवर अत्याचार केले. दोन माणसं जखमी होऊन वाचली, तीच साक्षीदार. पुढे सहा जणांना अटक झाली. सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करून जगणारे. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही शिक्षा वाढवून परत फाशी केली. फेरविचाराची याचिकाही फेटाळली गेली होती. फाशीच्या प्रकरणात फेरविचार खुल्या न्यायालयात ऐकला पाहिजे असा 2014 चा निर्णय आला, म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडलं. 5 मार्च 2019 ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जण निर्दोष असल्याचं सांगितलं. तोवर सोळा वर्षं उलटली होती. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात सिद्ध झालं होतं.

आता मुद्द्याचं. वाचलेल्या बाईंना पोलिसांनी घटनेनंतर लगेच सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. त्यांनी त्यातले चार जण ओळखले होते, दंडाधिकाऱ्यापुढे तसा जबाबही नोंदवला गेला होता. त्या चौघांचं पुढे काय झालं? काहीच नाही. ना अटक, ना चौकशी. पकडले गेले ते दुसरेच सहा. तो जबाब फाईलमध्ये होता, आणि तीन न्यायालयांतून फाशीची शिक्षा त्या जबाबाच्या शेजारून निघून गेली.

2019 च्या निकालात न्यायालयाने तीन आदेश दिले. सहा जणांना प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई. त्या चौघांविरुद्ध पुढचा तपास. आणि जबाबदार पोलिस अधिकारी कोण ते ठरवून, ते नोकरीत असतील तर त्यांच्यावर कारवाई. पहिल्या आदेशाची बातमी झाली. उरलेल्या दोन आदेशांचं काय झालं, हे वाचणाऱ्याला सहज सापडेल असं कुठेच दिसत नाही.

त्याआधी, 7 जानेवारी 2014 ला, गुजरातच्या किशनभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांच्या गृह विभागांना सांगितलं होतं की पोलिस आणि अभियोग विभागातल्या वरिष्ठांची एक स्थायी समिती नेमा. प्रत्येक निर्दोष मुक्ततेचा निकाल तिने तपासायचा, तपासी अधिकाऱ्याची निव्वळ चूक होती की दोष देण्याजोगी कसूर, हे लिहून ठेवायचं, आणि कसूर असेल तर खात्यांतर्गत कारवाई करायची. सहा महिन्यांची मुदत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. निकाल लागला की आरोपीचा हिशेब पूर्ण होतो, तपासाचा हिशेब कुणी उघडतच नाही. तो उघडायला लावण्याचा रस्ता नागरिकाला आहे का? वकील, पोलिस खात्यात काम केलेले, कुणीही सविस्तर लिहा.

कोरडवाहू

गोदाकाठ, तुम्ही शेवटच्या टोकाचं विचारताय, आमच्याकडे पहिल्याच टोकाला गाडी अडते. चुलतभावाला बांधाच्या भांडणात कुऱ्हाडीच्या दांड्याने मारलं, डोक्याला टाके पडले, कवटीला तडा. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली आणि कोर्टात जा म्हणाले. मेडिकल दाखवलं तर उत्तर मिळालं, साहेब बंदोबस्ताला आहेत, दोन दिवसांनी या. दोन दिवसांत समोरच्यांनी आमच्यावरच फिर्याद दिली होती आणि ती मात्र एफआयआर म्हणून नोंदली गेली. तपास पुढे कसा चालतो हे बघायची वेळ यायच्या आधीच आम्ही आरोपी झालो.

काळा_कोट

कोरडवाहू, तुमच्या भावाच्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट होता, म्हणून जास्त चीड येते. हाड मोडलं असेल तर ती गंभीर दुखापत होते. धारदार हत्यार नसलं तरी ती दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी स्वतः तपास करायचा गुन्हा, एनसीचा प्रश्नच येत नाही. ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने 2013 मध्ये सांगून ठेवलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. साहेब आहेत की नाहीत याचा संबंध नाही, ठाणे अंमलदार नोंदवू शकतो.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे 1 जुलै 2024 पासून, हे कलम 173 आहे. तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाची परवानगी घेऊन 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सवलत आता पोलिसांना दिलीय. ही सवलत मला स्वतःला धोक्याची वाटते, कारण त्या 14 दिवसांत काय होतं ते तुम्ही वर लिहिलंच आहे. नोंद घेतली नाही तर पोलिस अधीक्षकांना लेखी अर्ज, पोस्टाने, पोच जपून. तरीही नाही घेतली तर दंडाधिकाऱ्याकडे कलम 175(3), जुनं 156(3). आता त्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं आणि आधी अधीक्षकांकडे गेला होतात हे दाखवावं लागतं, म्हणून ती पोच फार मोलाची. लैंगिक गुन्ह्यांची माहिती नोंदवायला नकार दिला तर तो नकार हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत शिक्षा.

गोदाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नावर रात्री लिहितो. कोर्टात आहे.

जुना_ठाणेदार

अख्खी नोकरी ग्रामीण ठाण्यांत आणि काही काळ स्थानिक गुन्हे शाखेत केली. खात्याची बाजू मांडायला आलेलो नाही. पण तपास बिघडतो कुठे हे आतून सांगणारं कुणी नसेल तर चर्चा 'पोलिस वाईट' इथेच थांबेल.

खून झाल्याचा फोन येतो. पहिला पोचतो तो बीट हवालदार, तोवर निम्मं गाव प्रेताभोवती जमलेलं असतं. जागा राखणं हे तपासाचं पहिलं काम आणि तेच सगळ्यात वाईट होतं. पावलांचे ठसे गेले, दाराच्या कडीला दहा जणांचे हात लागले. मग मरणोत्तर पंचनामा, घटनास्थळाचा पंचनामा, रक्त लागलेली माती, तुलनेसाठी साधी माती, कपडे, सगळं वेगवेगळं पाकीट करून लाखेचं सील. पंच मिळत नाहीत. कोण कोर्टाच्या खेपा घालणार? मग चहाच्या टपरीवरचा ओळखीचा माणूस पंच होतो, आणि तोच पुढच्या तीन गुन्ह्यांत पंच असतो. क्रॉसमध्ये वकील पहिला प्रश्न तोच विचारतो आणि पंचनाम्याची किंमत तिथेच संपते.

तपासी अधिकाऱ्याकडे हा एकच गुन्हा नसतो. सकाळी खुनाचा जबाब, दुपारी मंत्र्यांचा दौरा, रात्री गणपतीचा बंदोबस्त. केस डायरी त्या त्या दिवशी लिहायची असा कायदा आहे. प्रत्यक्षात आठवड्याची डायरी एका रात्री रायटर बसून लिहितो. चार दिवसांपूर्वी साक्षीदार नेमकं काय म्हणाला, हे तेव्हा आठवणीवर लिहिलं जातं. नाशिकच्या प्रकरणात नेमकं काय झालं मला माहीत नाही, पण कागदावर एक दिशा आणि अटक दुसऱ्या दिशेला असं होण्याची कारणं मी पाहिली आहेत. त्यातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे 'उघडकीस आणा'. वरून रोज फोन. पालकमंत्र्यांचा फोन. पत्रकार परिषद. गावात आलेला पालावरचा माणूस, ज्याच्यासाठी कुणी ठाण्यात येणार नाही, तो अशा वेळी सगळ्यात आधी उचलला जातो. मी हे पाहिलं आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

कबुलीचं म्हणाल तर, पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही हे शिपायालाही माहीत असतं. मग माणसाला मारतात कशाला? हत्यार निघावं म्हणून. पुरावा कायद्याचं जुनं कलम 27. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो. या एका दाराने आपल्या तपासाची सगळी सवय बिघडवली. वस्तू आधी सापडलेली आणि आरोपीच्या सांगण्याचा मेमोरंडम पंचनामा नंतर केलेला, असंही होतं.

सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 ला प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं की तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा. ते झालं असतं तर निम्मे दोष कमी झाले असते. आज शहरांत थोडंफार झालंय, तालुक्याच्या ठाण्यात नाही.

रेवा

जुना_ठाणेदार काका, इतकं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. पण तुम्ही सांगताय तो कामाचा बोजा आहे. मला ज्या गोष्टींची भीती वाटते त्या बोज्यामुळे होत नाहीत.

परभणीचा ख्वाजा युनूस. अभियंता, घाटकोपर स्फोटाच्या संशयावरून डिसेंबर 2002 मध्ये अटक. पोलिसांनी सांगितलं, तपासासाठी नेत असताना गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. सीआयडी चौकशीत उलटंच निघालं, कोठडीतल्या मृत्यूबद्दल चार पोलिसांवर खटला उभा राहिला. ते चौघे 2020 मध्ये निलंबन मागे घेऊन परत सेवेत आले. सांगली, नोव्हेंबर 2017. कोठडीतला तरुण पळून गेला असंच सुरुवातीला सांगितलं गेलं. सीआयडीच्या म्हणण्याप्रमाणे तो मारहाणीत मेला होता आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. दोन्हीकडे तेच वाक्य, पळून गेला. एखाद्या घरच्यांना ठाण्यातून 'तो पळून गेला' असं कळवलं गेलं, तर त्यांनी त्याच तासाला वकील गाठावा असं मी आता सगळ्यांना सांगते.

आणि परत परभणी. सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी. डिसेंबर 2024 मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर जो उद्रेक झाला त्यात अटक, आणि 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू. शवविच्छेदनात अनेक जखमा. दंडाधिकारी चौकशी झाली. तरीही पोलिसांवर एफआयआर व्हावा म्हणून त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. 4 जुलै 2025 ला आदेश झाला, सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे 30 जुलैला हरलं. मुलगा गेलेल्या बाईला साधा एफआयआर मिळवायला दिल्लीपर्यंतची लढाई द्यावी लागते, आणि समोर उभं असतं सरकार.

आपल्या राज्याला याचा इतिहास आहे. 1972 मध्ये गडचिरोलीकडे देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला असा खटला झाला. मथुरा या नावाने सगळे तो ओळखतात. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं, त्यांत वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर होते. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारासाठी वेगळी तरतूद तेव्हा आली. निकालानंतर तपास आणि न्याय दोन्हींचा जाब विचारता येतो, हे त्या चौघांनी दाखवलं.

माणदेशी

सगळ्यांचं वाचलं. तरीही एक गोष्ट बोलतो, आणि मनापासून बोलतो. तुम्ही सगळे आरोपीच्या हक्कांबद्दल लिहिताय. बदलापूरला शाळेत चार वर्षांच्या मुलींवर अत्याचार झाला. तो आरोपी मेला तेव्हा आमच्या गावात लोकांनी पेढे वाटले. मला त्यात गैर वाटलं नाही. वीस वर्षं खटला चालणार, साक्षीदार फितूर होणार, शेवटी तांत्रिक मुद्द्यावर सुटणार. ज्याची लेक आहे त्याला काय मिळतं?

गोदाकाठ

माणदेशी, तुमचा संताप खोटा नाही आणि मी तो झटकून टाकत नाही. पण बदलापूरचाच क्रम पाहा. ऑगस्ट 2024 मध्ये त्या मुलींच्या आईवडिलांना तक्रार नोंदवण्यासाठी ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, मग अधिकारी निलंबित झाले, मग विशेष पथक. म्हणजे पोलिस त्या लेकींच्या बाजूने पहिल्या दिवशी उभे राहिले नाहीत. शाळेतल्या कुणाला काय माहीत होतं, कुणी लपवलं, हे सगळं मुख्य आरोपीच्या खटल्यात उलगडलं असतं. 23 सप्टेंबरला तो पोलिसांच्या गाडीत मुंब्रा बायपासवर गोळी लागून मेला आणि त्याच्यावरचा खटला संपला. दंडाधिकारी चौकशीने गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरलं, एप्रिल 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्यावर गुन्हा नोंदवून तपास करायला सांगितलं. त्या मुलींच्या घरच्यांना न्यायालयातून 'होय, हे घडलं, यानेच केलं' हे ऐकायला मिळालंच नाही.

आणि नाशिकचे ते सहा जण. 2003 मध्ये त्यांची चकमक झाली असती तर तेव्हाही पेढे वाटले गेले असते. पाच माणसं मारणारे ते नव्हते हे कधीच कळलं नसतं.

काळा_कोट

बदलापूरच्या तारखेवरून एक सांगतो. चकमकीत मृत्यू झाला तर काय करायचं याचे सोळा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ज्या दिवशी दिले तो दिवस होता 23 सप्टेंबर 2014. बरोबर दहा वर्षं आधी. आणि ते प्रकरण महाराष्ट्राचंच होतं. 1995 ते 1997 मध्ये मुंबईत झालेल्या 99 चकमकींबद्दल, ज्यांत सुमारे 135 माणसं मेली. एफआयआर नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा, घटनेनंतर लगेच शौर्यपदकं आणि बढत्या देऊ नका, असं सगळं त्यात आहे.

आता गोदाकाठ यांचा प्रश्न. पोलिस जबाबदार कसे धरले जातात याचं माझ्या कामात दिसलेलं उत्तर म्हणजे, वेळ लिहिलेला कागद. लखनभैया या माणसाच्या बनावट चकमकीचं प्रकरण घ्या. 11 नोव्हेंबर 2006 ला त्याला वाशीहून उचललं, त्याच संध्याकाळी वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ 'चकमक' झाली. त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचं कळताच त्याने त्याच दुपारी पोलिस आयुक्तांना आणि इतरांना तारा आणि फॅक्स पाठवले. चकमकीच्या आधीच्या वेळेच्या त्या तारा सरकारी दफ्तरातच पडून राहिल्या होत्या, त्या पुढे खटल्याचा कणा झाल्या. त्यांच्यामुळे दंडाधिकारी चौकशी, उच्च न्यायालयाचं विशेष पथक, आणि 2013 मध्ये 13 पोलिसांसह 21 जणांना जन्मठेप. एक महत्त्वाचा साक्षीदार साक्षीच्या आधीच मेलेला सापडला, तरी खटला टिकला. सत्र न्यायालयाने सोडलेले पोलिस अधिकारी प्रदीप शर्मा यांना 19 मार्च 2024 ला उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, त्यावर ते सर्वोच्च न्यायालयात गेले. एका वकील भावाने ताबडतोब पाठवलेल्या तारांनी जे केलं ते आयोग आणि प्राधिकरणांना क्वचितच जमतं.

आज तार नाही. पण घरातल्या कुणाला उचललं तर त्याच क्षणी नियंत्रण कक्षाला 112 वर फोन, अधीक्षक किंवा आयुक्तांना ईमेल, दंडाधिकाऱ्यांना आणि मानवी हक्क आयोगाला ईमेल. मजकूर दोन ओळींचा चालतो, वेळ महत्त्वाची. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालापासून अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी, हे सगळं बंधनकारक आहे. 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचं. हजर केल्यावर दंडाधिकारी विचारतात, 'काही तक्रार आहे का?' त्या एका प्रश्नाला आरोपीने 'आहे' म्हणून सांगितलं आणि ते रोजनाम्यात आलं, तर पुढचं बरंच बदलतं. बहुतेक वेळा बाजूला उभ्या असलेल्या शिपायाकडे पाहून तो 'नाही' म्हणतो.

आणि कोरडवाहू, तपास गुंडाळला जातो तेव्हा 'फाईल बंद झाली' एवढंच ऐकून परत येऊ नका. महाराष्ट्रात तीन समरी, म्हणजे तपास बंद करण्यासाठी पोलिस न्यायालयाला देतात ते अहवाल, असतात. 'ए' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही. 'बी' म्हणजे फिर्याद मुद्दाम खोटी. 'सी' म्हणजे खरंही नाही खोटंही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली. कोणती समरी मागितली ते लेखी विचारा. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकणं दंडाधिकाऱ्याला भाग आहे, तिथे निषेध अर्ज देता येतो.

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये राहते, इथल्या न्यायालयात दुभाषी म्हणून अधूनमधून काम करते. इथेही निरपराधांना गोवल्याची मोठी प्रकरणं झाली, खोट्या कबुल्यांवर माणसं वर्षानुवर्षं आत राहिली. 1984 च्या पोलिस आणि पुरावा कायद्याने एक साधी गोष्ट केली. कोठडीची जबाबदारी ज्या अधिकाऱ्यावर असते त्याचा त्या तपासाशी संबंध नसतो. आरोपी ठाण्यात आला की तो त्या कस्टडी अधिकाऱ्याचा. जेवण, झोप, औषध, वकील, सगळं त्याच्या नोंदीत. तपास करणाऱ्याला चौकशीसाठी त्याच्याकडून माणूस मागून घ्यावा लागतो, चौकशी ध्वनिमुद्रित होते. दहशतवाद सोडून इतर गंभीर गुन्ह्यात आरोप न ठेवता जास्तीत जास्त 96 तास, तेही दंडाधिकाऱ्याच्या परवानगीने. आपल्याकडे 15 दिवसांची पोलिस कोठडी आहे, मोक्कामध्ये 30 दिवस. इथले पोलिस फार सज्जन आहेत असं मी म्हणत नाही, पोलिसांवरच्या तक्रारी पाहणाऱ्या इथल्या स्वतंत्र संस्थेवरही लोक नाराज असतात. पण तपास करणाऱ्याच्या हातात माणसाचं शरीर न देणं, हे आपल्याकडे का होऊ नये?

जुना_ठाणेदार

थेम्सकाठी ताई, कल्पना पटते. पण आमच्या ठाण्यात रात्री दोन माणसं असतात. एक लॉकअपला पहाऱ्यावर, एक टेबलावर. वेगळा कस्टडी अधिकारी कुठून आणायचा? आधी माणूसबळ द्या, मग मागा. 15 दिवसांचं म्हणाल तर टोळीच्या गुन्ह्यात, मुद्देमाल तीन राज्यांत गेलेला असतो तेव्हा, 96 तासांत काही होत नाही. तिथे मी तुमच्याशी सहमत नाही.

थेम्सकाठी

मुद्देमालासाठी राज्याबाहेर जायचं तर आरोपी न्यायालयीन कोठडीत असतानाही जाता येईल ना, काका? 15 दिवस लागतात ते माणूस हाताशी असावा म्हणून. वर तुम्हीच कलम 27 बद्दल लिहिलंत.

जुना_ठाणेदार

आरोपीने जागा दाखवल्याशिवाय निम्म्या वस्तू सापडत नाहीत, हे खरं आहे. पण तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत वेळ आहे. हे नीट उतरलं तर चहाच्या टपरीवरचा पंच आणि काठी, दोन्हींची गरज कमी होईल. माझ्यासोबतच्या तरुण फौजदारांना मी हेच सांगत आलो, मोबाईल काढ, चित्रीकरण कर, ते तुलाही वाचवेल.

रेवा

चित्रीकरणावरून, ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं काय? परमवीर सिंह सैनी खटल्यात 2 डिसेंबर 2020 ला आदेश झाला की प्रत्येक ठाण्यात लॉकअप, व्हरांडा, फौजदारांची खोली, सगळीकडे आवाजासह सीसीटीव्ही हवेत आणि चित्रण 18 महिने, नाहीच जमलं तर किमान एक वर्ष ठेवायचं. प्रत्येक वेळी नेमका त्या रात्रीचा कॅमेरा बंद कसा असतो?

काळा_कोट

म्हणून घटनेनंतर लगेच चित्रण जतन करण्याचा लेखी अर्ज द्यायचा, ठाण्याला, अधीक्षकांना आणि दंडाधिकाऱ्याला. अर्ज पोचल्यानंतर चित्रण गेलं तर तो पुरावा नष्ट केल्याचा मुद्दा होतो. अर्जच नसेल तर 'आपोआप पुसलं गेलं' हे उत्तर चालून जातं.

पोलिस तक्रार प्राधिकरणाबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. प्रकाश सिंह निकालाने ते राज्य आणि जिल्हा पातळीवर सांगितलं होतं. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलिस कायद्यात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याऐवजी विभाग पातळी ठेवली. गडचिरोलीच्या माणसाने तक्रारीसाठी नागपूर गाठायचं. तरीही अर्ज करावा, कारण तिथे पोलिसांना लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर पुढे उच्च न्यायालयात कामी येतं.

कोरडवाहू

वकीलसाहेब, भावाच्या प्रकरणात 'सी' समरी मागितलीय असं आज कळलं. ठाण्यात जाऊन लेखी विचारलं म्हणून कळलं. नोटीस अजून आली नाही. निषेध अर्जात काय लिहायचं?

काळा_कोट

जखमेचं प्रमाणपत्र आणि सीटी स्कॅनचा अहवाल, एनसीची प्रत, अधीक्षकांच्या अर्जाची पोच, आणि ज्या साक्षीदारांचे जबाब घेतलेच नाहीत त्यांची नावं. घेतलेले जबाब चूक आहेत असं भांडत बसू नका, न घेतलेले जबाब कुणाचे ते सांगा. नोटिशीची वाट पाहू नका, त्या न्यायालयात तारीख लागलीय का ते बघून स्वतः हजर व्हा.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. किशनभाई समितीसाठी मी माहिती अधिकाराचा अर्ज तयार केलाय, नजर टाका.

"सर्वोच्च न्यायालयाच्या दिनांक 7 जानेवारी 2014 च्या निकालानुसार निर्दोष मुक्ततेच्या निकालांचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या समितीच्या स्थापनेचा आदेश, गेल्या तीन वर्षांतील तिच्या बैठकांची इतिवृत्तं, आढावा घेतलेल्या निकालांची संख्या, कसूर आढळलेल्या तपासी अधिकाऱ्यांची संख्या आणि त्यांच्यावर झालेल्या कारवाईचा प्रकार, यांच्या प्रती व माहिती मिळावी. तसेच नाशिक जिल्ह्यातील 2003 च्या गुन्ह्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दिनांक 5 मार्च 2019 च्या आदेशानुसार दोषी अधिकाऱ्यांवर केलेल्या कारवाईचा अहवाल मिळावा."

काळा_कोट

दोन अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. 'तसेच' पासूनचा भाग वेगळा काढा, नाहीतर त्याच कारणाने दोन्ही परत येतील. अधिकाऱ्यांची नावं मागितली नाहीत ते बरं केलंत, संख्या आणि कारवाईचा प्रकार नाकारणं त्यांना अवघड जाईल. तपासाला बाधा येते हे कारण पुढे करतील, त्यावर अपिलात लिहायचं की निकाल लागलेल्या खटल्यांबद्दल विचारलंय. 30 दिवस मोजा.

जुना_ठाणेदार

पहिला अर्ज गृह विभागाला करा, आणि त्याचीच प्रत स्वतंत्र अर्ज म्हणून तुमच्या जिल्ह्याच्या अधीक्षक कार्यालयाला. मंत्रालयातून 'माहिती जिल्ह्याकडे आहे' असं उत्तर येईल आणि महिना जाईल. जिल्ह्यात निर्दोष सुटलेल्या खटल्यांची नोंद न्यायालयीन कामकाज पाहणाऱ्या कक्षात असते. अर्जात तो कक्ष लिहा, म्हणजे टेबल चुकणार नाही.

माणदेशी

माझ्या जिल्ह्यासाठी हाच अर्ज मी करतो. मजकूर उतरवून घेतलाय. उत्तर आलं की इथेच टाकतो.